५०३ वजा ७८

पाचवी-आठवीत नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवू शकणाऱ्या वार्षिक परीक्षेचा विषय निघाला की लगेच दोन तंबू पडतात. एका तंबूतले म्हणतात, ढकलगाडी (नापास न करता वरच्या वर्गात ढकलणं) बंद झाली ते बरं झालं. आमच्या वेळी मास्तर नापास करायचे म्हणून तर आम्ही शिकलो. दुसऱ्या तंबूतून कोवळ्या मनांचा आणि फिनलंडचा जप सुरू होतो. (फिनलंडमध्येही शालेय शिक्षणाच्या शेवटी मॅट्रिकची परीक्षा असतेच, हे तिथे कुणी सांगत नाही.) जिल्हा परिषदेच्या शाळांत तीसेक वर्षं शिकवताना मी दोन्ही तंबूंत बसून चहा प्यायलोय आणि दोन्हीकडून उठताना मला एकच वाटत आलंय, की भांडण चुकीच्या प्रश्नावर चाललंय. मुलाला नापास करावं की करू नये, हा प्रश्न नाहीच. आठवीपर्यंतच्या परीक्षेत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण व्हायचं असतं ते शाळेनं. परीक्षा हवी, आहे त्यापेक्षा जास्त वेळा हवी, पण तिचा निकाल उमटायला हवा तो शिक्षकाच्या उद्याच्या पाठ टाचणात. मुलाच्या कपाळावर त्याचं काही काम नाही.

हे हवेतलं वाटू नये म्हणून एक गणित सांगतो. चौथीचा वर्ग, उभी मांडणी, ५०३ वजा ७८. माझ्यासमोर तीन वह्या होत्या. पहिलीत उत्तर ५७५, दुसरीत ४३५, तिसरीत ४२५. हातात लाल पेन असलेला माणूस दोन फुल्या आणि एक बरोबरची खूण करून मोकळा होतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. पण ५७५ आलं कुठून? एककात तीनातून आठ जात नाहीत, म्हणून मुलाने आठातून तीन काढले, पाच. दशकात शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य काढलं, सात. शतकातले पाच तसेच खाली उतरवले. त्याचा नियम अगदी स्वच्छ होता: मोठ्यातून लहान वजा करायचं. आणि हा नियम त्याला आम्हीच दुसरीत शिकवला होता. ४३५ लिहिणाऱ्या मुलीला हातचा कळला होता. तिने शतकातला एक सुटा करून दशकात दहा केले, त्यातला एक एककाला दिला, फक्त दशकात आता नऊच उरलेत हे लिहायचं राहिलं. तिसऱ्या वहीतलं उत्तर बरोबर होतं, पण मांडणी होती ५३० वजा ७८ अशी. त्याला पहिल्या बाकावरच्या दुसऱ्याच एका मुलीचं उत्तर दिसलं होतं, मांडणी नीट दिसली नव्हती.

गुणांच्या भाषेत पहिली दोघं सारखीच ढ आणि तिसरा हुशार. प्रत्यक्षात त्या मुलीला दहा मिनिटं पुरली असती, पहिल्या मुलाला आठवडा लागला असता आणि तिसऱ्याला काय येतं हे मला माहीतच नव्हतं. पहिल्याच्या वडिलांची एसटी स्टँडजवळ पानटपरी होती. मी त्याला विचारलं, गिऱ्हाईकाकडे पाचशे तीन रुपये आहेत, अठ्ठ्याहत्तरचा माल घेतला, त्याच्याकडे किती उरतील? क्षणभर वर पत्र्याकडे बघून तो म्हणाला, ‘शंभराची नोट दिली तर बावीस परत. खिशात चारशे तीन. चारशे पंचवीस.’ मग मी त्याचीच वही त्याच्यापुढे सरकवली. ५७५ कडे बघून तोच म्हणाला, ‘गुरुजी, खर्च करून पैसे वाढले कसे?’ मूल्यमापन या भल्यामोठ्या शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे, हे उत्तर आलं कुठून याचा शोध.

आता कायद्याकडे बघा. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायला बंदी केली, आणि सगळी चर्चा तिथेच अडकली. पण त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये प्रत्येक मुलाला काय येतं ते पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे आणि कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. म्हणजे परीक्षा रद्द करा असं कायदा म्हणत नव्हता, रोज तपासा म्हणत होता. दोन चाकांची गाडी होती, त्यातलं एकच चाक आम्ही लावलं. ‘नापास करू नका’ पाळायला काहीच लागत नाही, नुसतं पेन खाली ठेवलं की झालं. ‘रोज तपासा, मागे पडलेल्याला जादा शिकवा’ याला माणूस लागतो. साठ मुलांपर्यंतच्या शाळेला त्याच कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे दोन शिक्षक. पहिली ते पाचवी पाच वर्ग, शिक्षक दोन, त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा पदभार. शिवाय शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत म्हणणाऱ्या कलम २७ नेच जनगणना, आपत्ती आणि निवडणुका वगळल्या आहेत, आणि आपल्याकडे निवडणुका किती असतात ते काय सांगायचं.

मग झालं काय? नोंदवह्या आल्या. आकारिक (रोजच्या कामाचं) आणि संकलित (सत्राअखेरचं) मूल्यमापन, अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी. ‘विशेष प्रगती’, ‘आवड-छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने. कल्पना चांगलीच होती, पण चाळीस मुलांच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी लिहायच्या म्हटल्यावर बाजारात तयार वर्णनात्मक नोंदींची पुस्तकं आली, नंतर व्हॉट्सॲपवर पीडीएफ. ‘कविता साभिनय म्हणतो.’ ‘परिसर स्वच्छ ठेवतो.’ ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो.’ मार्चच्या शेवटी या ओळी हजेरीपटाच्या क्रमाने उतरवल्या जात. एका वर्षी मी एका मुलापुढे ‘गोष्ट आवाजाच्या चढउतारासह सांगतो’ असं लिहिलं. तो मुलगा शाळेत दोन शब्दांच्या वर बोलत नसे. तपासणीला आलेल्या साहेबांनी नोंदी पूर्ण आहेत म्हणून सही केली. ढकलगाडीला शिव्या घालणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, तुमचा राग खरा आहे, पत्ता चुकलाय. गाडी ढकलली गेली ती परीक्षा नव्हती म्हणून नव्हे. मूल कुठे अडलंय हे बघायला कुणी थांबलंच नाही.

त्यांचा राग खरा आहे हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. ‘असर’ या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत २०१८ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीतल्या ५०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. कोरोनाच्या बंदीनंतर, २०२२ साली, ते प्रमाण ४२.८ वर आलं. हायस्कूलच्या शिक्षकांना विचारा. नववीत येणाऱ्या मुलांत जोडाक्षरावर अडखळणारे किती असतात ते सांगतील आणि दहावीचा निकाल घसरू नये म्हणून नववीतच चाळणी कशी लावली जाते तेही सांगतील. आठ वर्षं कुणी टोकलं नाही आणि नवव्या वर्षी एकदम दार बंद, याला दया कसं म्हणायचं? हा आक्षेप बिनतोड आहे. २०१९ साली कायद्यात मागे ठेवायची मुभा देणारी दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा आली ती याच रागातून.

पण ‘आमच्या वेळी’ या युक्तिवादात एक जुनी गोम आहे. आमच्या वेळी नापास होऊन जे चौथीतूनच गुरं राखायला गेले, ते वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत नाहीत. लिहितात ते गाळणीतून खाली आलेले. नापास करण्याचा प्रयोग या देशात पिढ्यानपिढ्या झाला आहे आणि त्याचा हिशेबही मांडला गेला आहे. १९२९ च्या, शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या हार्टोग समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातले आकडे काढले तेव्हा १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ सापडली. बाकीची एकतर गळाली होती किंवा खालच्याच वर्गात बसून होती. ‘गळती आणि स्थगन’ ही जोडी शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत तिथून रुजली आणि डी.एड.ला आम्ही ती पाठ केली. तेव्हा भीती कमी होती का? छडी नव्हती का? भीतीने शिकवता आलं असतं, तर शंभरातले अठराच का उरले?

आणि मागे ठेवलेल्या मुलाचं पुढच्या वर्षी होतं काय, हे कुणी विचारत नाही. तोच वर्ग, तेच पुस्तक, बहुतेक वेळा तेच गुरुजी. जे औषध लागू पडलं नाही त्याचाच दुप्पट डोस, वर धाकट्या भावाशेजारी बसायची लाज. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण कोयत्याबरोबर जाणारी मुलंही आहेतच. सहा महिने उसाच्या फडात काढून आलेल्या पोराला एप्रिलच्या पेपरात नापास करून आपण नेमकं काय मोजतो? आठवीत मागे राहिलेल्या मुलीच्या घरी त्या उन्हाळ्यात कसली बोलणी सुरू होतात हे मराठवाड्यातल्या कुठल्याही शिक्षिकेला ठाऊक आहे.

‘ठीक आहे, मुलाला नको, शिक्षकाला जबाबदार धरा, निकालाप्रमाणे पगार द्या,’ असं म्हणणारेही भेटतात. निकाल शाळेचा लागावा असं मीच वर लिहिलं आहे, तेव्हा हा चेंडू माझ्याकडेच येतो. हे इंग्लंडने करून पाहिलं आहे. तिथल्या शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट लोच्या पुढाकाराने १८६२ साली तिथे सुधारित संहिता आली. शाळेचं अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन-लेखन-गणिताच्या वार्षिक तपासणीवर ठरू लागलं. परिणाम काय? अनुदान मिळवून देणाऱ्या तीन विषयांपलीकडचं शिकवणं आक्रसलं. वाचनाचं पुस्तक वर्षभर इतकं घोकून घेतलं जाई, की काही मुलं ते उलटं धरूनही ‘वाचत’ असं सांगतात. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा तपासनीस होता. त्याने या पद्धतीवर सडकून टीका केली. गाशा गुंडाळायला तरी तीसएक वर्षं लागली. मापाला पैसे बांधले की माप बिघडतं. म्हणून शाळेचा निकाल म्हणजे शाळेला दंड, असा अर्थ मी घेत नाही. ज्या शाळेत पाचवीच्या निम्म्या मुलांना वाचता येत नाही तिथे आधी दुसरा माणूस पोचला पाहिजे. तापाचा आकडा जास्त आला म्हणून आपण रुग्णाला ओरडत नाही, डॉक्टरचा पगारही कापत नाही, औषध बदलतो.

आपलं स्वतःचं माप किती भरवशाचं आहे, हेही एकदा तपासू. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून टाकले, अभ्यासक्रमही नवा होता, आणि निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले, २०२० साली निकाल ९५.३० टक्के (त्या वर्षी भूगोलाचा पेपर कोरोनामुळे झाला नाही, तेही लक्षात ठेवू). २०२१ साली परीक्षाच झाली नाही आणि ९९.९५ टक्के मुलं उत्तीर्ण झाली. तीन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं आधी बारा टक्क्यांनी मठ्ठ आणि मग अठरा टक्क्यांनी हुशार झाली का? पेढे वाटले गेले ते शासन निर्णयाचे. हा खेळ दहावीसारख्या जुन्या, बाहेरच्या तपासनिसांकडून तपासल्या जाणाऱ्या परीक्षेत चालतो, मग शाळेनेच काढलेल्या आणि शाळेनेच तपासलेल्या पाचवीच्या पेपरावर दहा वर्षांच्या पोराचं भवितव्य टांगायचं कोणत्या भरवशावर?

इथे परीक्षेच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो आणि माझ्या बाजूचे लोक तो नेमका गिळतात. बाहेरच्या लेखी परीक्षेला मुलाचं आडनाव दिसत नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना वर्गात वेगळं, स्वतःच्या गोणपाटावर बसावं लागे. पाण्याच्या नळाला हात लावायची मुभा नव्हती. त्या वर्गात ‘गटकार्यात सहभाग’ असा रकाना असता आणि तो गुरुजींनी भरला असता, तर त्यात काय लिहिलं गेलं असतं? १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, ते मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेच्या जोरावर. शिष्यवृत्ती परीक्षेपासून एमपीएससीपर्यंत, गावकुसाबाहेरच्या आणि वाडीवस्तीवरच्या पोरांनी जी दारं उघडली ती बहुतेक याच किल्लीने. प्रकल्प, तोंडी परीक्षा, ‘सर्वांगीण विकास’ यांत गुण देणारा हात नेहमीच निष्पक्ष असतो असं मी तीस वर्षं स्टाफरूममध्ये बसून म्हणू शकत नाही. तेव्हा परीक्षाच नको म्हणणाऱ्या तंबूला माझा नमस्कार.

पण ही किल्ली कुठल्या दाराची आहे? जिथे जागा थोड्या आणि मागणारे जास्त, तिथे निवड करावी लागते, आणि ती निनावी व सगळ्यांना सारखी असायला हवीच. आमच्या आजोबांच्या पिढीची व्हर्नाक्युलर फायनल अशीच होती. सातवीला ती पास झाली की मास्तरकी मिळायची. पाचवीतून सहावीत जाताना कसली टंचाई आहे? सहावीच्या जागा संपल्यात का? निवडीची परीक्षा आणि शिकवण्यासाठीची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली सगळी गफलत एकीचं काम दुसरीकडून करून घेण्यात आहे. म्हणून पाचवीला ३५ टक्क्यांची रेघ येते, जिचा मला आजवर उलगडा झालेला नाही. आमच्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला डबा बांधून सोडतात; अंदाज आला की डबा काढतात. कुणी चार दिवसांत सुटतं, कुणाला अख्खा मे लागतो. ‘तू नापास, पुढच्या उन्हाळ्यात ये,’ असं कुणी काठावरून सांगत नाही. आणि ‘तुला पस्तीस टक्के पोहता येतं, तू पास,’ म्हणून डबाही कुणी सोडत नाही.

असा डबा बांधायचा प्रयोग आपल्याच मुंबईत झाला आहे. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, दहावी-बारावी शिकलेल्या तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना दिवसातले दोन तास वेगळं बसवून त्यांना येत होतं तिथून पुढे शिकवत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसह या कामाची तुलनात्मक पाहणी केली. मागच्या बाकावरची मुलं स्पष्टपणे पुढे सरकलेली दिसली. २०१९ च्या नोबेलनंतर आपण या दोघांची नावं कौतुकाने घेतली, आणि त्याच वर्षी कायदा बदलून पाचवीच्या मुलाला मागे ठेवायची मुभा दिली. बालसखीने कुणाला नापास केलं नाही, आणि कुणाला न बघता पुढेही सोडलं नाही. तिला आधी माहीत करून घ्यावं लागलं, की या मुलाला अक्षर येतं का, शब्द येतो का, हातचा येतो का. ती तपासणी मुलामागे पाच-सात मिनिटांची असते. वर्षातून तीनदा प्रत्येक शाळेत ती व्हावी, वर्गाचा आकडा शाळा व्यवस्थापन समितीसमोर आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा, मुलाचं नाव मात्र गुरुजींच्या वहीत राहावं. आकडा वाईट असलेल्या शाळेला तालुक्याने त्याच सत्रात माणूस द्यावा. दहावीला बाहेरची परीक्षा राहू दे, पण राष्ट्रीय मुक्त विद्यालयात आहे तशी, एकेक विषय तयार होईल तसा सोडवायची पाच वर्षांची मुदत सगळ्यांनाच का नसावी?

खर्च येईल. येणारच. महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा म्हटलं, तेव्हाही ते लगेच झालं नाही. त्या निवेदनात मुलांनी काय शिकावं याची यादी आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्याचे काही पाठ. शाळा कशासाठी, याचं इतकं थोडक्यात उत्तर नंतरच्या जाडजूड आराखड्यांत मला सापडलं नाही. त्यांची तक्रार आणखी एक होती: वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाचा काही उपयोग नाही, शाळा निदान दर तीन महिन्यांनी तपासा. तपासायची ती शाळा, हे जोतीरावांनी किती सहज गृहीत धरलं आहे ते पाहा.

नव्या नियमात नापास मुलासाठी सोय आहे, नाही असं नाही. त्याला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची. आता कॅलेंडर काढा. निकाल मेच्या सुरुवातीला, शाळा उघडते जूनच्या मध्यावर, विदर्भात आणखी उशिरा. म्हणजे जे दोन महिने कायद्याने दिले त्यातला मोठा भाग शाळेला कुलूप असतं. गुरुजी गावी, नाहीतर प्रशिक्षणाला. टपरीवाल्याचा पोरगा सुट्टीत गल्ल्यावर बसतो आणि दिवसातून शंभर वेळा अचूक वजाबाकी करतो. जूनमध्ये त्याच्यापुढे पुन्हा उभी मांडणी येईल, वर शून्य असलेली, आणि तो पुन्हा मोठ्यातून लहान वजा करील.